दहा नंबरच्या घरात व्यंकटराव

"मॅडम, माझ्या घरात व्यंकट कधी राहायला आला?"

माणिकराव स्क्रीनवरची नजर हलवायला तयार नव्हते. त्यांची मुलगी सुषमा खुर्चीची पाठ धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

मी तेव्हा लातूरच्या एका क्लासमध्ये जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत होते. क्लास मुळात डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांचा. आमच्या बॅचला दुपारची उरलेली खोली मिळायची, आणि फळ्यावर कायम कुणाचं तरी बेन्झिन काढलेलं असायचं. सुषमाने मेडिकलची परीक्षा देऊन पाहिली, जमलं नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. वडिलांना हे पटलेलं नव्हतं. "पोरगी काय शिकायलीय ते बघतो. न्हाई पटलं तर संध्याकाळच्या गाडीनं घरी," असं दारातच सांगून ते आत आले होते.

सुषमाचं गाव किल्लारीच्या बाजूचं, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. तिथं प्रत्येक भिंतीवर तीन आकडी नंबर रंगवलेला, 001, 002 असा. तिने आपल्या ओळीतल्या घरांचा छोटा प्रोग्रॅम केला होता. नंबर टाका, घरमालकाचं नाव येईल. माणिकरावांनी स्वतःच्या बोटाने 010 टाकलं आणि नाव आलं दोन घरं पलीकडच्या व्यंकटरावांचं. सांडपाण्याच्या नालीवरून या दोघांचं बोलणं बंद होतं.

"सरकारी कॉम्प्युटरातबी असंच हाय का?" माणिकरावांचा आवाज चढला. "शेडात दिवस काढून मिळालंय ते घर!"

"नाही हो काका, हे फक्त हिच्या मशीनवर आहे."

तेवढ्यात क्लासच्या मोठ्या सरांनी दारातून डोकावलं. "काय झालं मॅडम?"

"बग आहे सर. प्रोग्रॅममधली चूक."

"मग पालकांसमोर कशाला काढता?"

ते गेले. मी खुर्ची ओढली.

माझा पहिला संशय रिटर्नवर. नवशिक्यांचा घोटाळा बहुतेक तिथेच होतो. मी वर्गात सांगायचे, नळाला पाणी आलं का ते बघायला घरातल्या कुणाला पाठवलं, तर तो नळापाशीच ओरडला की झालं प्रिंट. घरात येऊन तुमच्या हातात उत्तर दिलं की ते रिटर्न. लातूरमध्ये हे उदाहरण कुणालाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पण सुषमाचं रिटर्न चोख होतं. जे सापडलं तेच ते इमानाने आणून देत होतं. मुळात सापडतच चुकीचं होतं.

मी वरची यादी पाहिली. 007 नंतर एकदम 010.

"आठ आणि नऊ नंबरची घरं कुठं गेली गं?"

सुषमा हळूच म्हणाली, "काढून टाकली. कंपायलर म्हणायला लागला, आकडा लई मोठा आहे." कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा.

"आठ?"

"हो मॅडम. मला वाटलं नंतर विचारावं."

मला हसू आवरेना. माणिकराव मात्र गंभीरपणे म्हणाले, "आठ कसा काय मोठा?"

त्याचं असं आहे. जावामध्ये आकड्याच्या सुरुवातीला शून्य लावलं, की ती मोजणी वेगळी होते. तिच्यात शून्य ते सात एवढेच अंक. आठ आणि नऊ नाहीतच, सातानंतर थेट दहा लिहायचं. म्हणून 008 ला कंपायलर अडला. आणि यादीतलं 010 त्याच्या लेखी झालं आठ, 011 नऊ, आणि 012 आपलं साधं दहा. हा नियम प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या आकड्यांपुरता; माणिकरावांनी कीबोर्डवरून टाकलेला नंबर मात्र साध्या मोजणीने वाचला गेला. दहा शोधलं, तर व्यंकटराव भेटले.

सुषमा ऐकत होती. मी उपाय सांगणार तोच तिने विचारलं, "मॅडम, घर नंबराची बेरीज-वजाबाकी आपण कधी करतो का?"

"नाही."

"मग तो इंट कशाला? स्ट्रिंग करते."

इंट म्हणजे हिशोबाचा पूर्णांक, स्ट्रिंग म्हणजे जसंच्या तसं ठेवलेलं अक्षरांचं लेबल. तिने सगळे नंबर अवतरणचिन्हांत घातले, नंबर वाचायची आणि जुळवायची ओळ बदलली आणि आठ-नऊची घरं परत वसवली. मी हाताची घडी घालून बसले.

माणिकरावांनी पुन्हा 010 टाकलं. स्वतःचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं. मग 012 टाकून व्यंकटराव आपल्या घरी पोचल्याची खात्री केली.

"दुसरी कोणती घरं खालीवर झाली न्हाईत ना?" असं म्हणत त्यांनी एकेक नंबर टाकून अख्खी ओळ तपासली. संध्याकाळच्या गाडीला ते एकटेच गेले. जाताना सुषमाला एवढंच म्हणाले, "गावात कुणाला सांगू नको."

स्वतः मात्र त्यांनी सांगितलं असावं. पुढच्या बॅचला व्यंकटराव सुनेला घेऊन ॲडमिशनला आले.

सुषमा आज नांदेडच्या एका ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढते, आणि त्याचा पगार घेते. मी अजून पहिल्याच तासाला सांगते: ज्याची बेरीज करायची नाही, त्याला इंट करू नका. मोबाईल नंबर, सीट नंबर, घर नंबर, ही आकड्यांत लिहिलेली नावं असतात. आणि कंपायलर ओरडला, तर लोकांची घरं पुसू नका. आधी त्याला काय म्हणायचंय ते विचारा.