हात घालून बघा

कुणी काहीही सांगितलं की कचऱ्याचं खत करणाऱ्या मावशी एकच म्हणायच्या, "हात घालून बघितल्याबिगर मी न्हाई मानत." आणि दिघीतल्या आमच्या सोसायटीच्या खताच्या हौदात खरोखरच मनगटापर्यंत हात खुपसायच्या. आत ऊब लागली की मान हलवायच्या. ऊब आहे म्हणजे कचरा कुजतोय, खत होतंय.

तुमच्याही सोसायटीत असं कुणी असेल. माझी ओल्या कचऱ्याची बादली मावशी काठीने ढवळून बघत. एकदा त्यांना वाटलं, मी तळाशी प्लास्टिक लपवलंय. सगळी बादली पालथी केली. निघाली कलिंगडाची सालं.

"आज न्हाई घावलं," त्या म्हणाल्या. "पर तू लई गप असतीस. गप माणसाचा भरवसा न्हाई."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. हसूसुद्धा आतच दाबलं.

ओला कचरा आवारातच जिरवला की महापालिका मिळकतकरात सवलत देते. आमच्याकडे त्या वाचलेल्या पैशांतून मावशींचा पगार व्हायचा. हे मी त्यांना समजावलं, तेव्हा मीच फसवायला आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सरकार कर सोडतंय आन् त्यो माज्या हातात येतोय? मधी कुणीच न्हाई खात?"

"नाही, मावशी."

"बघू."

गेल्या वर्षी सेक्रेटरी काकांना हौदाचा वास खुपायला लागला. ओला कचरा गुपचूप बाहेरच्या गाडीत जाऊ लागला आणि मावशींच्या हातात खराटा आला. महापालिकेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी काकांनी नर्सरीतून तयार खताची पोती आणून हौदात ओतली.

"तुमचा पगार या सवलतीतूनच निघतो, मावशी," ते गोड आवाजात म्हणाले. "उद्या फक्त उभं राहायचं."

साहेब आले. नाकाला रुमाल लावून लांबूनच बघितलं, बरं म्हणाले. मी जिन्यात उभी होते. मावशींचे हात पदराखाली होते. त्या गप्प राहतील असं वाटलं. राहाव्यात, असंही वाटलं.

साहेब वळले तशा मावशी म्हणाल्या, "सायेब, नाक कशाला धरता? वासच न्हाई त्याला. हात घालून बघा की."

साहेबांनी बाही वर करून हात घातला. "थंड आहे."

"व्हय. इकत आणलंय. मी केल्यालं असं थंडगार नसतं."

सवलत गेली, पाठोपाठ मावशीही. "आपल्या हातानं पगार घालवला बाईनं," काका लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत. त्या आता कुठे काम करतात, हे कुणी विचारलं नाही.

यंदा एका एजन्सीला खताचं काम दिलंय. सवलतीसाठी पुन्हा अर्ज करायचाय म्हणून रविवारची बैठक हौदापाशीच भरली. "सगळं जोरात चालू आहे," काका म्हणाले. टाळ्या वाजल्या.

मी पुढे झाले, बाही सारली आणि हात घातला. मनगटापर्यंत. कुठेच ऊब नव्हती.

"काय गं, काय झालं?" काकांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"हात घालून बघा, काका," मी म्हटलं.