तिसऱ्या खणातला पासपोर्ट

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, दोन पेग पोटात गेल्यावर मित्रांपाशीही नाही. आज बोलतोय, कारण परवा चाकणला चहा पिताना एकानं पुन्हा विचारलं, "कुवेतला मजा असेल ना राव?" – आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मजा? कुणाची?

त्या देशाचं गणित सोपं आहे. जमिनीखाली तेल, आणि त्या तेलावर सगळा कारभार. तिथले बरेचसे लोक सरकारी नोकरीत. वेल्डिंग, खोदकाम, स्वयंपाक, दुसऱ्यांची पोरं सांभाळणं हे सगळं बाहेरून आलेल्यांनी करायचं. मूळच्यांपेक्षा बाहेरचेच जास्त. पण या जास्त असलेल्यांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात! तिथल्या कायद्यातही ते बसत नाही म्हणे. तरी कपाट होतंच. आमच्या कंपनीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती.

मी पिंपरीचा, कामगार वसाहतीत वाढलेला. कुवेतला पहिलं वर्ष रिफायनरीत पाइप उचलले. मग मला टायपिंग येतं हे कळलं आणि कामगारांच्या कॅम्पच्या ऑफिसात बसवलं. एसी, खुर्ची, जागेवर चहा. महिनाभरात मी उन्हातल्या माणसांना 'हे लोक' म्हणायला लागलो. कालपर्यंत मीच त्यांच्यातला होतो – लाज वाटायला नको होती?

विलास महाळुंग्याचा. माझ्याच विमानानं आलेला, माझ्याच खोलीत राहणारा. भाजी केली की आधी मला वाढायचा. तेव्हा रिफायनरीचं शटडाउन चालू होतं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती. त्या दिवसांत रजा सहसा कुणाला मिळत नाही. नेमका तेव्हाच त्याला घरून फोन आला. आई शेवटच्या घटका मोजत होती आणि त्याचंच नाव घेत होती. तो तसाच धावत ऑफिसात आला, हातमोजेही न काढता.

"भावा, माझा पासपोर्ट कुठं हाय? मला जायाचंय."

तिसऱ्या खणात होता. माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. आणि मी म्हणालो, "इथल्या मंत्रालयात गेलाय, व्हिसाच्या स्टॅम्पिंगला. आला की सांगतो."

का म्हणालो? पासपोर्ट द्यायचा तर मॅनेजरला विचारावं लागलं असतं. ऐन शटडाउनमध्ये हा माणसं घरी पाठवायला निघाला, असं त्याला वाटलं असतं. माझी खुर्ची गेली असती – कदाचित. त्या कदाचितसाठी मी खोटं बोललो. खुर्ची! चाकं असलेली, रेक्झिनची, एका बाजूनं फाटलेली खुर्ची.

विलास रोज दाराशी येऊन उभा राहायचा. "आला का रं?" मी मान हलवायचो. एकदा तर त्याच्यासमोर फोन कानाला लावून मी मंत्रालयाशी इंग्रजीत खोटंखोटं भांडलोसुद्धा. सहाव्या दिवशी आई गेली. अग्नी चुलतभावानं दिला, विलासनं तो मोबाइलवर पाहिला. दहाव्याला कॅम्पच्या बाथरूममध्ये त्यानं डोकं भादरून घेतलं, तेव्हा मगानं पाणी मी ओतत होतो. पाणी संपल्यावर टॉवेलही मीच पुढं केला.

पुढं विलासच्या आईचं मॅनेजरच्या कानावर गेलं. त्यानं मला एकट्याला बोलावलं आणि तो माझ्यावरच भडकला – मला का नाही सांगितलंस, आई मरतेय म्हटल्यावर मी सोडला असता त्याला. मालक शेखला, कंपनीला, तेलाला शिव्या घालायची माझी सोय तिथंच संपली. मला कुणी अडवलंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

वर्षश्राद्धापर्यंत आम्ही दोघंही परतलो होतो. महाळुंग्यात मांडव पडला. आमच्याकडे मान द्यायचा तर टॉवेल, टोपी, नारळ. पंगत बसायच्या आधी विलासनं मला सगळ्या गावासमोर उभं केलं. "ह्यानं लय पळापळ केली आईसाठी. सख्ख्या भावानं न्हाई केली आसती." त्यानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि तो माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला मध्येच धरलं, तर लोकांना तो माझा मोठेपणा वाटला. तिथं बोलता आलं असतं ना? मी पंगतीला बसलो. बुंदी दोनदा मागून घेतली.

आता मी चाकणला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. कामगारांनी मध्येच नोकरी सोडू नये म्हणून त्यांच्या मूळ मार्कलिस्ट इथंही जमा करून घेतात. इथंही कपाट आहे. काल परभणीची एक मुलगी आली. तिला नर्सिंगचा प्रवेश मिळालाय, कॉलेजात मार्कलिस्ट दाखवायचा शेवटचा दिवस आज आहे. साहेब शेजारच्याच केबिनमध्ये बसले होते. मी तिला म्हणालो, "हेड ऑफिसला गेलीय. आली की सांगतो."

ती 'थँक्यू सर' म्हणून गेली. मार्कलिस्ट कपाटातच होती. अजून तिथंच आहे, आणि किल्ली माझ्या खिशात आहे.