दुरुस्त गाडीचं उतरलेलं मोल

माझे वडील, म्हणजे अप्पा, मुडबी ते बसवकल्याण भाड्याने मोटार चालवायचे. म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. मी गुलबर्ग्याला कॉलेजात होते. आमच्या वस्तीत स्वतःची मोटार असलेले अप्पा एकटेच. पण खेड्यांच्या रस्त्यांवर ती टिकत नव्हती, म्हणून ती विकून जीप घ्यायचं त्यांनी ठरवलं. संतपूरच्या एका मास्तरांशी सौदा झाला. कागदावर किंमत लिहून दोघांनी सह्याही केल्या.

त्याच आठवड्यात कोहिनूर गावाजवळ उभ्या गाडीवर तुरीनं भरलेला ट्रक मागून येऊन आदळला. गाडीत कुणी नव्हतं, एवढंच नशीब. ट्रक बसवकल्याणच्या एका व्यापाऱ्याचा होता. माणूस भला. हुमनाबादच्या मिस्त्रीकडे गाडी नेऊन त्यानं सगळा दुरुस्तीखर्च भरला. महिन्याभरात गाडी पुन्हा चकचकीत होऊन दारात आली.

मास्तर आले, गाडीखाली वाकून पाहिलं आणि उठून हात झटकले.

"चासी, म्हणजे गाडीचा सांगाडाच, तापवून सरळ केलीय. ठरल्या किमतीला मी न्हाई घेऊ शकत," ते म्हणाले. त्यांनी सांगितलेल्या नव्या किमतीत जीप येणार नव्हती.

अप्पा मला घेऊन व्यापाऱ्याकडे गेले. आम्हाला गादीवर बसवून त्यानं चहा मागवला.

"गाडी नीट करून दिली न्हाई का? अजून कामून आलात?"

"गाडी नीट झाली, अण्णा. तिचं मोल उतरलं. धडक बसली नसती तर उतरलं नसतं."

"असलं कधी ऐकलं न्हाई मी. कोर्टानं सांगितलं तर देईन," तो एवढंच म्हणाला.

आम्ही गाठलेल्या बिदरच्या वकिलांनी सौद्याचा कागद पाहिला आणि मान हलवली. आधीची किंमत यातून दिसते, पण ती अपघातामुळंच उतरली हे सांगणारा जाणकार हवा, असं त्यांचं म्हणणं. तसा जाणकार एकच होता, ज्यानं गाडी दुरुस्त केली तो मिस्त्री. त्याच्या हातची गाडी ओळखू येत नाही, अशी त्याची ख्याती होती आणि त्याला तिचा अभिमानही होता.

आमचं ऐकून त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "मेरा काम कच्चा है, ऐसा मैं कोर्ट में बोलूं?"

मी म्हणाले, "चाचा, काम कच्चं हाय असं कुणी म्हणायलंच न्हाई. तुमी नसता तर गाडी भंगारात गेली असती. तुमी फक्त आत काय काय मोडलं होतं, तेवढं सांगा."

"सोचता हूं," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

दावा दाखल झाला. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तो आमच्या आधी येऊन उभा होता, धुतलेला पांढरा सदरा घालून. साक्षीत समोरच्या वकिलांनी त्याला विचारलं, "दुरुस्ती चांगली झालीय ना?"

"अच्छीच हुई है."

"मग नुकसान कसलं?"

मिस्त्रीनं अप्पांकडे पाहिलं, मग न्यायाधीशांकडे. "साहेब, गाडी चलती है, चलेगी. पर मैं खुद खरीदूं तो पूरा पैसा नहीं देता. अंदर कहां कहां जोड है, मेरे को मालूम है."

वकील खाली बसले. न्यायाधीशांनी ते कानडीत लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. अंगठ्याला शाई लावून त्यानं कागदावर ठसा उमटवला.

निकाल लागायला काही महिने गेले. मागितलं तेवढं सगळं मिळालं नाही, पण अर्ध्याहून जास्त मिळालं. व्यापाऱ्यानं वरच्या कोर्टात न जाता पैसे स्वतः घरी आणून दिले. "मला पटलं न्हवतं, तुमच्या मिस्त्रीचं ऐकून पटलं," तो अप्पांना म्हणाला. त्यानंतर अनेक वर्षं त्याच्या घरची माणसं आमच्याच गाडीनं फिरली.

मास्तरांनी गाडी नव्या किमतीला नेली. थोडे पैसे कमी पडत होते, ते उधार घेऊन जीप आली आणि अप्पांनी ते दोन हंगामांच्या भाड्यातून फेडले. मिस्त्रीला भीती होती ती गिऱ्हाईक तुटण्याची. घडलं उलटंच. जुनी गाडी घेणारे लोक आधी ती त्याच्याकडे दाखवायला आणू लागले, कारण तो लपवत नाही हे आता बिदरपर्यंत माहीत झालं होतं.

बी.ए. झाल्यावर मी अप्पांना म्हणाले, मला वकिली शिकायचीय. ते जीपची चाकं धूत होते. पाण्याची बादली खाली ठेवून त्यांनी विचारलं, "फॉर्म कधी भरायचाय?"