परबकाकांचा आवाज कुठे अडकला?

फिजिओथेरपीत वीस वर्षं काढली की फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. त्यात घाटकोपरचं माझं क्लिनिक दोन खोल्यांचं, त्यामुळे एकाचा किस्सा सगळ्यांना ऐकू जातो!

साठेकाकूंचा तोल जायचा. तोल सांभाळणारा छोटा मेंदू डोक्यात मागच्या बाजूला असतो. तो तपासायला मी म्हटलं, "काकू, आधी माझ्या बोटाला बोट लावा, मग तुमच्या नाकाला." बोट दोनदा गालावर गेलं. काकू वैतागल्या, "अगं, नाक जागेवर आहे ना? सकाळी चष्मा होता त्यावर!"

घोसाळकर सर रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. पार्किन्सन्समुळे सपाट फरशीवर पाय चिकटल्यासारखे थांबायचे. जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या की झकास चालायचे! पाऊल आपोआप उचलणारी मेंदूतली यंत्रणा अडते, तेव्हा डोळे दुसरी वाट काढून देतात. हे मी कौतुकाने सांगितलं. सर म्हणाले, "ते ठीक, पण तिसरी पट्टी वाकडी आहे." आणि खरंच, ती सरळ करेपर्यंत ओलांडेनात!

परबकाकांचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला, उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. जेवताना जीभ कुठे अडायची नाही, पण बोलायचं म्हटलं की नुसतं "त... त..." परबकाकू घराबाहेर पडेनाशा झाल्या. "मी भाजीक खाली गेलंय आनि हे पडले, तर माका हाक कशी मारतले?" म्हणत माझ्यासमोर रडल्या.

गंमत अशी, की पाठ झालेलं, ठेक्यातलं काही वेळा मेंदूतून वेगळ्याच वाटेने बाहेर येतं. मी काकूंना विचारलं, "तुमचं नाव असलेलं काही काकांना पाठ आहे?"

काकू लाजल्या. "लग्नातलो उखाणो. पन चाळीस वर्सां झाली गो!"

काकूंनी सुरुवात करून दिली, मी टाळ्यांचा ठेका धरला. रोज तेच. तीन आठवड्यांनी काकांनी अख्खा उखाणा एका दमात म्हटला. नाव आलं! पण सुटं काही येईना, उखाण्यासकटच यायचं.

परवा काकू धीर करून भाजीला उतरल्या. गेटपाशी पोचतात तोच तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून काकांचा खणखणीत आवाज आला,

"कुडाळच्या बाजारात घेतली केळ्यांची फणी, सुमतीचं नाव घेतो, तीच माझी राणी!"

वॉचमन, भाजीवाला, सगळी सोसायटी वर बघायला लागली. काकू पिशवी तिथेच टाकून जिन्याकडे धावल्या, "इलंय हो, इलंय! आता गप ऱ्हवा!"