सायबाचा रोग

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती तेव्हा मी नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स होते. छातीच्या वॉर्डात बहुतेक क्षयाचेच रोगी असत. राहुरीकडच्या एका बागायतदाराच्या फुप्फुसात मात्र कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "यावर इलाज नाही." या गृहस्थाने त्याचाही तोरा मिरवला! भेटायला येईल त्याला छाती ठोकून सांगायचा, "आपल्याला क्षय न्हाई, क्यान्सर हाय. सायबाचा रोग हाय ह्यो, असल्या भुक्कडांना व्हत न्हाई." शेजारच्या खाटेवरचा क्षयाचा म्हातारा विणकर खोकला, की हा उपरण्याने नाक झाकायचा आणि बायकोलाही झाकायला लावायचा.

एका सकाळी त्याला खोकल्याची जबर उबळ आली. रक्त पडलं, श्वास अडकला. बायको घाबरून रडू लागली. मी धावत पोचले, तोवर त्या विणकरानेच उठून त्याला टेकू देऊन बसवलं होतं आणि तो त्याची पाठ चोळत होता. दम परत आला, तसा आमचा बागायतदार मान वळवून त्याला म्हणाला, "हात धुतलं हुतं का रं?"

विणकर आपल्या खाटेवर जाऊन पडला.

मरणाऱ्याचा राग धरू नये, असं आम्हाला शिकवलेलं. त्याच आठवड्यात बागायतदाराचे डोळे मीच मिटले. राग मात्र गेला नाही.