भाऊंनी न दिलेला 'व्हय महाराजा'

भाऊ गेल्याचं टीव्हीनं सांगितलं तेव्हा मी तोंडवलीत बांगडे साफ करत होतो. खाली 'माजी केंद्रीय मंत्री' लिवलंय, ते नातीनं वाचून दाखवलं. मला अक्षर येत नाही. हेसुद्धा तीच लिवते, मी नुसता बडबडतो... हातातला बांगडा मांजरीनं नेला, तरी माझी मूठ आवळलेलीच.

दिल्लीत मी त्यांच्या बंगल्यावर स्वयंपाकी. गावात मात्र सांगायचो, "देश भाऊ चालवतत, भाऊंका मी." एका सकाळी बंगल्यात कोण खोकतसुद्धा नव्हतं. पक्षाचे पुढारी दिवाणखान्यात बसलेले. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या वाड्या उठवायच्या फायलीवर भाऊंनी दुपारपर्यंत सही करायची, नाहीतर मंत्रिपद सोडायचं. ते ऐकता ऐकता मी अर्धा चहा एका पुढाऱ्याच्या धोतरावर ओतला. तो ओरडलासुद्धा नाही. तेव्हा मी खरा घाबरलो.

भाऊ स्वयंपाकघरात आले. "बाबल्या, नारळ आसा मरे? गाऱ्हाणा घाल."

आमच्यात मोठं काम असलं की एकानं देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला "व्हय महाराजा" म्हणायचं. इथे बाकीचे म्हणजे एकटे भाऊ. मी शेगडीपुढे नारळ धरला.

"बा देवा महाराजा, ह्या लेकरार इलेला संकट परतव..."

"व्हय महाराजा."

"तेका बरी बुद्धी दी..."

"व्हय महाराजा."

मग मला माझीच काळजी लागली. बंगला गेला तर गावात तोंड काय दाखवू? दिलं घुसडून, "आणि तेची खुर्ची आसा तशीच सांभाळ रे महाराजा!"

भाऊ गप्प. मी परत म्हटलं, देव बहिरा असल्यासारखं ओरडून. गप्पच.

"फोड आता."

"भाऊनु, तुमी व्हय म्हणाक नाय!"

"ता तू तुझ्यासाठी मागलंस रे."

नारळ मी माझ्याच पायाच्या अंगठ्यावर फोडला. भाऊ दिवाणखान्यात गेले ते सही न करता, मंत्रिपद सोडूनच बाहेर आले. त्यांच्यामागून मी लंगडत गावी.

पुढे दरवर्षी त्यांच्या अंगणात गाऱ्हाणं मीच घालायचो, आणि मुद्दाम खुर्चीचं मागणं घुसडायचो. ओटीवरच्या वेताच्या खुर्चीत भाऊ तेवढ्यापुरते ओठ मिटून बसायचे. अंगण हसायचं.

सुतक फिटल्यावर परवा नारळ धरला. सवयीनं ते मागणं तोंडातून गेलंच. कोण हसलं नाही, कोण "व्हय" म्हणालं नाही. सगळे त्या वेताच्या खुर्चीकडे बघत राहिले. मीसुद्धा थांबलो...

भाऊ गप्प. नेहमीसारखे.