ऊन लागलं म्हण

मुनीमानं पायातला जोडा काढला आणि माझ्या भावाच्या नाकाला लावला. भर दुपारी. रावेरजवळच्या केळीच्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर.

"हुंग रे, हुंग! नाटक्या!"

फिट आलेल्याला जोडा हुंगवायची रीत. पण ही फिट नव्हती. लोक हसले. एकानं मोबाइल काढला.

भाऊ खांद्यावरच्या घडासकट कोसळला होता. ओठ निळसर, घशात घरघर. मी टाकीवर केळ्यांच्या फण्या धूत होते. ओल्या हातांनीच धावले.

तो कशानं पडला ते सगळ्या शेडला ठाऊक होतं. गाडी भरायची घाई असली की मुनीमच चहाबरोबर गोळी वाटायचा. म्हणे ताकदीची. खांदा दुखत नाही, पोरगा थांबत नाही. आधी एक. मग एकीनं भागेना. सुट्टीच्या दिवशी भाऊ घरी कण्हायचा, नाक गळायचं, पाय आपटायचा. लोक म्हणायचे, आळशी. आळस कसला? अंगच गोळी मागत होतं.

मी एकशेआठला फोन लावला. तेवढ्यात शेठ बाहेर आला.

"ऊन लागलं म्हण. गोळीचं नाव काढलंस तर तुमचं बठ्ठ्यांचं, सगळ्या घराचं काम बंद. गर्दुल्ल्याला दवाखान्यात कोण हात लावतं गं?"

गोळी देताना 'आपला पोरगा'. पडल्यावर गर्दुल्ला.

माय त्याच शेडमध्ये खोकी भरायची. आम्ही साक्रीकडचे, पोटामागे इकडं आलेले. तिनं माझी ओढणी ओढली. "नको बोलू बेटा. पोऱ्यानं लगीन बाकी शे. बठ्ठा गावमा नाव जाई." भावाचं लग्न व्हायचं होतं, गावभर बदनामी होईल याची तिला धास्ती.

फोनवरची बाई विचारत होती, "ताई, त्यानं काय खाल्लंय?"

ऊन म्हटलं असतं तर उन्हाचा उपचार झाला असता. नाव राहिलं असतं. भाऊ गेला असता.

"गोळ्या!" मी ओरडले. "दुखणं थांबवायच्या. पट्टी मुनीमाच्या खिशात आहे!"

"कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. श्वास बघत राहा."

मी जोडा हिसकावला आणि टाकीत फेकला. "माय, हात लाव." माय क्षणभर शेठकडे बघत राहिली. मग वाकली. दोघींनी त्याला वळवलं. तोंडातून फेस गळाला, घरघर कमी झाली.

"पट्टी द्या."

"कसली पट्टी?"

मी त्याच्या खिशात हात घातला आणि पट्टी बाहेर काढली. बाईनं मुनीमाच्या खिशात हात घातला! आता कुणी हसलं नाही.

अँब्युलन्समधल्या डॉक्टरनं पट्टी वाचली, ऑक्सिजन लावला, सुई दिली. म्हणाला, "बरं झालं, खरं सांगितलंत."

भाऊ वाचला. आमचं काम गेलं. गोळी सुटली असं मी लिहिणार नाही. उपचार चालू आहेत. मध्ये एकदा त्यानं पुन्हा घेतली. पुन्हा नेलं. पुन्हा न्यावं लागलं तर नेईन. चोर नाही तो, आजारी आहे.

आता मी त्याच शेडच्या दारात या गोळीबद्दलची पत्रकं वाटते. माय सोबत असते. परवा मुनीम म्हणाला, "आली का जोडेफेकी?"

आले. रोज येणार. जो पडेल त्याला कुशीवर वळवणार. त्यानं काय खाल्लं ते डॉक्टरला सांगणार. कुणी खायला घातलं ते पोलिसांना, बाजाराला, तुझ्या दारात उभी राहून तुलाही सांगणार. मोठ्यानं.